रोज पाणी घालूनही नवं झाड मान टाकतंय? काळ्या मातीत क्रमानं काय तपासायचं

इंदुरात ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास येते. एकदा ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस लागून राहिला की. आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यात. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, कुठल्याही कॉलनीत जा, शब्द तेच असतात: "अहो, पाणी तर रोज घालतेय, तरी सुकतंच आहे." झाडं निरनिराळी असतात, बकुळ, जांभूळ, आंब्याचं कलम, पारिजातक, जास्वंद, तगर, पण बिघाड बहुतेक वेळा पाण्याचाच असतो आणि तो दोन अगदी उलट प्रकारांनी होतो. म्हणून पाइप उचलण्याआधी खालचं वाचा. इथं "नवं झाड" म्हणजे लावून दोन उन्हाळे पार न पडलेलं.

लक्षणं

पानं फक्त दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी सावरतात: बहुतेक वेळा हा बिघाड नाही. मेच्या उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं लहान मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत, एवढंच. जास्वंद आणि कदंब हे फार करतात.

पानं सकाळी सहा वाजताही लोंबलेली: हा खरा बिघाड. पुढच्या तपासण्या याच झाडासाठी आहेत.

कडा करपलेल्या, पान कुरकुरीत, हातात चुरा होतो: संशय कोरड्यावर घ्या, नाहीतर खारट पाण्यावर.

खालची पानं पिवळी पडून मऊ होतात आणि देठासकट गळतात, माती चिकट आहे, कुबट वास येतो: मुळं बुडाली आहेत.

नवी पालवी फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या: पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आहे किंवा मुळांशी हवा नाही. अनंतावर हे सगळ्यात आधी दिसतं.

शेंडा वाळत वाळत खाली येतो: मुळं दुखावली आहेत, मग ती कोरड्यानं असोत की ओलीनं.

एकच फांदी वाळते, बाकी झाड टवटवीत: हे पाण्याचं नाही. फांदीला जखम, कीड किंवा मोडलेली जागा शोधा.

सीताफळ आणि चाफा हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पानं टाकतातच. त्यांना "वाळलं" म्हणून बादल्या ओतू नका. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली येऊन पुन्हा खरवडा.

फसगत होते ती अशी: बुडालेलं झाड आणि तहानलेलं झाड लांबून सारखंच दिसतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. पान तहानतं, आपण आणखी पाणी घालतो, उरलेली मुळंही जातात. म्हणून पान बघून पाणी घालायचं नाही, माती बघून घालायचं. हे एवढं कळलं तरी निम्मी झाडं वाचतात.

पहिली तपासणी: बांबूची कामटी (खर्च शून्य)

हातभर लांबीची कोरडी कामटी घ्या. एकदा खोडापासून चार बोटांवर आणि दुसऱ्यांदा वीतभर लांब, अशी दोन ठिकाणी वीतभर खोल खुपसा. पाच मिनिटांनी काढून बघा, हाताला ओलसर लागते का, माती चिकटून येते का. आणि वास घ्या.

दोन ठिकाणी का, तर झाड नर्सरीतून येतं ते स्वतःची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, घेऊन. पुष्कळ झाडं बाहेरून लाल मातीत किंवा नारळाच्या भुशात वाढवून आणलेली असतात आणि आपण ती माळव्याच्या चिकण काळ्या मातीत लावतो. या दोन मात्या एकजीव व्हायला बराच काळ लागतो. पहिले काही महिने झाडाची जवळजवळ सगळी मुळं हुंडीतच असतात. त्यामुळे बाहेर चिखल आणि हुंडी मात्र ठणठणीत कोरडी, असं अगदी सर्रास आढळतं. नारळाचा भुसा तर एकदा पूर्ण वाळला की पाणी शोषायलाच तयार होत नाही. तो आकसतो आणि पाणी कडेकडेनं निसटून जातं.

हुंडी कोरडी असेल तर पाणी खोडापाशी, थेट हुंडीवरच, अगदी सावकाश द्या आणि अर्ध्या तासानं पुन्हा द्या. हुंडी आणि बाहेरची माती दोन्ही कोरड्या असतील तर दुसऱ्या तपासणीकडे चला. दोन्ही ओल्या असतील आणि तरी झाड लोंबत असेल, तर पाणी आजपासून बंद. कामटी कोरडी निघेपर्यंत एक तांब्याही नको. मग तिसरी आणि सहावी तपासणी करा.

कामटीवरून अंदाज येत नसेल तर वीतभर खालची मूठभर माती काढून दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाण्याची गरज नाही. हात माखला आणि गोळा चकाकला तर ओल जास्त आहे. गोळाच होत नसेल तर पाणी द्या.

दुसरी तपासणी: पाणी किती आणि कसं जातंय

संध्याकाळी हातात पाइप धरून प्रत्येक झाडावर मिनिटभर फवारा मारायचा, ही आपल्याकडची सवय. त्यानं पानांवरची धूळ धुतली जाते आणि वरची दोन बोटं माती ओली होते. खाली काही पोचत नाही. उलट, वरवरच्या ओलीमुळे मुळं वरच राहतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात भाजतात.

तपासायला सोपं आहे: तोच पाइप बादलीत धरा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती लिटर येतं ते मोजा. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि घरातलं भरण्याचीच घाई असते, त्यामुळे झाडांच्या वाट्याला किती आलं हे कोणी मोजत नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून माळव्याच्या पठारावर चढवून आणलेलं पाणी आहे हे. १९७८ साली नर्मदा पहिल्यांदा शहरात आली तेव्हाचा आनंद ज्यांनी बघितला आहे त्यांना ते रस्त्यावर वाहून जाताना बघवत नाही. तेव्हा ते मुळांशीच जावं.

उपाय: १५ लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. बादली खोडाजवळ ठेवून भरा. पाऊण तासात ती रिकामी होते. काळी माती पाणी सावकाश पिते, जोरानं ओतलं तर पिण्याआधीच ते वाहून जातं. आज अर्ध्या झाडांना आणि पुढच्या नळाच्या दिवशी उरलेल्यांना, असं फिरवलं की दोन-तीन बादल्यांत अख्खं अंगण होतं.

अंगठ्याएवढ्या खोडाच्या झाडाला एका वेळी १० ते १५ लिटर, लहान झुडपाला ४ ते ५. लावल्यावर पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तर एक दिवसाआड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा, कडाक्याच्या थंडीत आठ दिवसांतून एकदा, मार्चपासून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मेमध्ये एक-दोन दिवसांआड. हा आकडा फक्त सुरुवात करायला आहे, शेवटचा शब्द कामटीचाच. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण दुप्पट पाणी आणि खोडापासून लांब, कारण तोवर मुळं बाहेर गेलेली असतात.

झुडपांसाठी मडकं फार गुणी. न रंगवलेलं, कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरायचं आणि तोंडावर झाकण ठेवायचंच, नाहीतर डास होतात. माती कोरडी पडेल तसं पाणी आपोआप झिरपतं. आठ दिवस गावाला जाणाऱ्यांनी हेच करावं. रंगवलेलं मडकं मात्र झिरपत नाही.

तिसरी तपासणी: आळं, भेगा आणि आच्छादन

मला सगळ्यात जास्त बिघाड इथंच सापडतात.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात या भेगा हात जाईल एवढ्या होतात. तुम्ही बादली ओतता, पाणी भेगेतून सरळ खाली उतरतं, आळं झटकन रिकामं होतं आणि वाटतं, वा, माती छान पिते आहे! प्रत्यक्षात हुंडीला ते शिवलेलंही नसतं. शिवाय भेगांतून हवा खेळते आणि बारीक मुळं तुटतात, वाळतात. म्हणून पाणी द्यायच्या आधी खुरप्यानं वरची तीन-चार बोटं माती मोकळी करा, भेगा त्याच भुरभुरीत मातीनं बुजवा आणि मगच पाणी सोडा.

त्यावर वाळका पालापाचोळा चार बोटं जाड पसरा. अंगणातलीच पानं, गव्हाचं काड, काहीही चालेल. ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत. १९२४ पासून काही वर्षं इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथंच, आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर, काडीकचरा आणि शेण कुजवण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूरच्या नावानं ओळखली जाते. त्याच शहरात आपण पालापाचोळा झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो झाडाखाली घाला. मात्र खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. ओला पाचोळा खोडाला टेकला की साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो.

आता पावसाळ्याची गोष्ट. उन्हाळ्यात आपण खोलगट आळं करतो, ते बरोबरच. पण जून संपताना ते मोडायला हवं आणि ते कोणी मोडत नाही. इथं वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस तीन-साडेतीन महिन्यांत पडतो. झडीच्या दिवसांत आळ्यात तळं साचतं, खालची माती फुगून बंद झालेली असते आणि पाणी जायला वाटच नसते. ऑगस्टच्या अखेरीस पिवळी पडणारी झाडं बहुतेक यातली. उपाय पाच मिनिटांचा: आळ्याची उताराकडची कड फोडा, खोडाशी माती ओढून उतार बाहेरच्या बाजूला करा, आणि पाणी वाहून जायला फावड्याच्या रुंदीची एक चर काढा. ऑक्टोबरमध्ये आळं पुन्हा बांधा, या वेळी आधीपेक्षा वीतभर जास्त रुंद.

चौथी तपासणी: लावताना काय राहून गेलं

खोडाच्या बुडाशी बोटांनी माती बाजूला करा. खोड जिथं रुंद होऊन मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. तीन-चार बोटं माती उपसूनही तो दिसत नसेल तर झाड खोल लावलं आहे, किंवा दर वेळी भर घालून पुरत गेलं आहे. कलमाचा जोड तर मातीच्या वरच असायला हवा. जादा माती काढून टाका. बऱ्याच झाडांना एवढ्यावरच उभारी येते.

तसंच खणताना काळं प्लॅस्टिक, सुतळी किंवा नायलॉनची जाळी हाताला लागते का ते बघा. घाईत लावलेल्या झाडाची पिशवी नुसती फाडून तशीच गाडलेली असते. पाणी बाहेर मुरतं आणि मुळं आत कोंडलेली राहतात. कापता येईल तेवढं कापून ओढून काढा, पण हुंडी फुटू देऊ नका.

खोडावर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. कोरडी हुंडी आणि कच्चं शेणखत तिला आवडतं. नळ्या खरवडून काढा, कच्चं खत काढून टाका, निंबोळी पेंड मिसळा आणि ओल सारखी ठेवा.

पाचवी तपासणी: पाणी कुठलं आहे

बोरिंगचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जड असतं. मातीवर पांढरी पूड धरली आणि पानांच्या कडा जळत असतील तर आठवड्यातून एकदा तरी नर्मदेचं पाणी भरपूर द्या, म्हणजे क्षार खाली धुपतात. पावसाचं मिळालं तर उत्तमच. थोडं-थोडं जड पाणी रोज घालणं हे सर्वांत वाईट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार वरच साठत राहतात.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून नव्या झाडाला घालू नका, त्यात क्षार मूळच्यापेक्षा जास्त असतात. त्याहून घातक म्हणजे नव्या इमारतींत पाणी मऊ करायचं जे यंत्र बसवतात त्याचं पाणी. ते चुन्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं. सोडियमनं काळी माती अधिकच घट्ट बसते आणि निचरा संपतो. अशा घरात बागेसाठी यंत्राच्या आधीचा नळ घ्या. एसीचं पाणी मात्र खुशाल घाला.

सहावी तपासणी: खड्ड्याचा निचरा (कुदळ लागेल)

झाडापासून दोन फुटांवर फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या. संध्याकाळी पाण्यानं भरा, सगळं पाणी मुरल्यावर पुन्हा एकदा भरा. दुसरी भर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही उभीच असेल तर जागा चिबड आहे. इतर मातीत तासाला इंच-दीड इंच उतरावं असं म्हणतात, पण भिजलेली काळी माती त्या कसोटीला क्वचितच उतरते. म्हणून मी रात्रभराचं माप धरते.

इथं लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही उलटतात. पहिला, खड्ड्याच्या तळाशी गिट्टी घालणं. बारीक मातीतलं पाणी पूर्ण भिजल्याशिवाय गिट्टीत उतरतच नाही, म्हणजे चिखल उलट मुळांच्या जवळ येतो. दुसरा, खड्डा पूर्ण रेती आणि खतानं भरणं. चिकण मातीत असा मऊ खड्डा म्हणजे हौदच, चारी बाजूंचं पाणी त्यातच येऊन बसतं. खणलेलीच माती, तिच्यात चौथा हिस्सा मुरलेलं खत, आणि झाड जमिनीपेक्षा चार-सहा बोटं उंच वरंब्यावर: चिबड जागेत हेच टिकतं. लावलेलं झाड लहान असेल तर पावसाळी ढगाळ दिवशी हुंडीसकट उचलून उंच बसवता येतं. उचलाल तेव्हा मुळं बघा. पांढरी, टणक असतील तर झाड वाचेल. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल सुटून येणारी मुळं कात्रीनं छाटा आणि लावताना अजिबात दाबून चिखल करू नका.

या काळात युरिया, टॉनिक, काही घालू नका. आजारी मुळांना रासायनिक खत जाळतं. नवी पालवी दोन-तीन आठवडे टिकली की मगच मूठभर कंपोस्ट.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

खड्ड्यात तुम्ही न घातलेलं पाणी येत असेल, किंवा गटाराचा वास येत असेल, तर ड्रेनेजची किंवा नळाची लाइन फुटली आहे. हे प्लंबरचं काम आहे, झाडाचं नंतर बघा.

पेव्हर ब्लॉकखाली किंवा कंपाउंडलगत खणायचं असेल आणि तिथून गॅसची पाइप किंवा विजेची केबल जाते अशी नुसती शंका असली, तरी पहार मारू नका. आधी संबंधित खात्याला विचारा.

खोडाच्या बुडाशी साल सुटली आहे, डिंक गळतोय, भुसा पडतोय किंवा बुरशीच्या छत्र्या आल्या आहेत: पाणी कमी-जास्त करून हे थांबणार नाही. वाळवी खोडाच्या आत शिरली असेल तेव्हाही तसंच. तिच्यासाठी दुकानदार देईल ते औषध अंदाजानं ओतू नका, विशेषतः जवळ बोरिंग किंवा जमिनीतला हौद असेल तर.

एकाच रांगेतली वेगवेगळी झाडं एकदम वाळत असतील तर माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात विचारा. नुसता फोटो नेऊ नका. वीतभर खालची माती, बाटलीभर पाणी, देठासकट दोन-तीन पानं आणि गेल्या महिन्यात पाणी केव्हा, किती घातलं याची नोंद न्या.

दीड-दोन पुरुष उंचीचं झाड कललं असेल, बुंधा हलत असेल, तर स्वतः दोर बांधून ओढू नका. रस्त्याकडेचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. शहरातलं झाड तोडायला मध्य प्रदेशात २००१ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

आणि साल बुडापर्यंत तपकिरी निघाली तर ते झाड गेलं. पुन्हा लावायचं असेल तर त्याच खड्ड्यात लगेच नको. आधी सहावी तपासणी करा, वरंबा उंच करा, आणि जुलैत दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की नवं झाड आणा.